त्या ठरावावर माझीही सही आहे

गेल्या जुलै महिन्यात आमच्या शाळेच्या शिक्षकसभेने एक ठराव केला. नववीतल्या एका मुलाने संगणकाच्या तासाला एक ‘युद्धखोर’ खेळ चालवला, सबब त्याला वर्षअखेरपर्यंत संगणकाच्या खोलीत पाऊल ठेवू देऊ नये, आणि अशा खेळांनी मुलांच्या मनावर कसे अनिष्ट संस्कार होतात याविषयीचे पत्रक सर्व पालकांना धाडावे, असा तो ठराव. तो एकमताने मंजूर झाला. एकमताने म्हणजे माझेही मत त्यात आले. ठरावाखाली चौदा सह्या आहेत. त्यांतली अकरावी माझी.

ती सही मी आज जाहीरपणे मागे घेत आहे. शाळेतली भांडणे दिवाळी अंकात कशाला, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, हे भांडण शाळेपुरते राहिलेले नाही. एका हातात फराळाचे ताट धरून दुसऱ्या हाताने मुलाच्या पुढ्यातला खेळ ओढून घेणारी आई आज घरोघर आहे. मी स्वतः ती आहे. आपण ओढून घेतो ते काय आहे, हे पाहण्याची तसदी मात्र आपण घेत नाही. माझी तक्रार आहे ती या न पाहण्याविषयी.

प्रथम खेळाची हकीकत सांगते, कारण सभेत ती कोणी सांगितलीच नाही.

खेळाचे नाव ‘रिव्हर रेड’. तो १९८२ साली अमेरिकेत अ‍ॅक्टिव्हिजन या कंपनीने काढला. तो बेतला होता अटारी कंपनीच्या एका यंत्रासाठी. १९७७ साली बाजारात आलेले आणि पुढे ‘२६००’ या क्रमांकाने ओळखले जाऊ लागलेले हे यंत्र घरच्या टेलिव्हिजनला जोडीत. नंतर हाच खेळ कमोडोर ६४, झेडएक्स स्पेक्ट्रम अशा त्या काळच्या घरगुती संगणकांवरही आला. हल्लीच्या संगणकावर जुन्या यंत्राचे सोंग हुबेहूब वठवणारे प्रोग्रॅम मिळतात. तशाच एका प्रोग्रॅमवर आमच्या मुलाने तो चालवला होता.

पडद्यावर वरून खाली एक नदी सरकत येते. तळाशी एक लहानसे विमान असते. ते डावी-उजवीकडे न्यावयाचे, वेग कमी-जास्त करावयाचा आणि काठाला न धडकता पुढे जावयाचे. वाटेत जहाजे, हेलिकॉप्टरे, विमाने आणि पूल येतात. त्यांवर नेम धरावयाचा. जहाजाला ३० गुण, हेलिकॉप्टरला ६०, विमानाला १०० आणि पुलाला ५००. अशा खेळांत बहुधा अवकाशयान आणि परग्रहावरचे शत्रू असतात. या खेळाच्या कर्तीच्या मनातही प्रथम अवकाशच होते. परंतु अवकाशातले खेळ आता उदंड झाले, काहीतरी निराळे कर, असे एका सहकाऱ्याने सुचवले आणि आकाशाची नदी झाली.

कर्तीच्या म्हटले, हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच. तिचे नाव कॅरोल शॉ. तिच्याकडे मी पुढे वळणार आहे.

आता सभेत काय झाले ते ऐका. खेळ युद्धखोर आहे, असे एका सहकाऱ्यांनी मांडले. पुरावा काय, म्हणून कोणी विचारताच त्यांनी खिशातून फोन काढला आणि वाचून दाखवले की, जर्मनीसारख्या सुधारलेल्या देशाने या खेळाची गणना मुलांना घातक अशा वस्तूंत केली होती. झाले! जर्मनीचे नाव निघाल्यावर आमच्यासारख्यांनी काय बोलावे? हेडमास्तर म्हणाले, “बाई, तुमचे काय मत?” मी म्हणाले, “आपण म्हणाल तसे.” त्या तीन शब्दांची मला आज लाज वाटते.

घरी आल्यावर मात्र राहवेना. जर्मनीची ती गोष्ट मी शेवटपर्यंत वाचली. ती खरी आहे, पण सहकाऱ्यांनी ती अर्धीच वाचली होती. १९८४ सालच्या डिसेंबरात पश्चिम जर्मनीतल्या सरकारी तपासमंडळाने या खेळाला बालघातक वस्तूंच्या यादीत घातले. या यादीत नाव गेले की ती वस्तू मुलांना विकता येत नाही, तिची उघड जाहिरात करता येत नाही. मंडळाने कारणे दिली ती थोडक्यात अशी : मूल यात निर्दय लढवय्याच्या आणि विध्वंसकाच्या भूमिकेत शिरते; हे एक प्रकारचे निमलष्करी शिक्षण होय; आणि थोड्या मोठ्या मुलांत यामुळे अंग ताठरणे, चिडचिड, आक्रमकपणा, विचारांचा गोंधळ, चित्त एकाग्र न होणे व डोके दुखणे ही लक्षणे उद्भवतात.

वाचकहो, ही लक्षणे वाचून मला आमच्या वार्षिक परीक्षेची आठवण झाली. तिला अजून कोणी यादीत घातलेले नाही!

पण थट्टा पुरे. जर्मनांची भीती मला समजते. ज्या देशाने चाळीस वर्षांपूर्वी स्वतःच्या कोवळ्या पोरांच्या हाती बंदुका दिल्या आणि मग स्वतःच्या शहरांचे ढिगारे उपसले, त्याला खेळण्यातल्या विमानाचाही धसका बसला तर त्याला हसणे बरे नव्हे. माझे म्हणणे इतकेच की, त्याच देशाने २००२ साली हे नाव यादीतून काढले आणि नंतर हाच खेळ सर्व वयांच्या मुलांना चालेल असा दाखला दिला. अठरा वर्षांनी का होईना, त्यांनी वस्तू पुन्हा हातात घेतली, पाहिली आणि आपला निकाल फिरवला. आमच्या सभेने त्यांची चूक तेवढी उसनी घेतली, दुरुस्ती घेतली नाही.

आता आपल्या घरात डोकावून पाहा. दिवाळी आली की आपणच मुलाला टिकल्यांचे पिस्तूल आणून देतो. अंगणात मातीचा किल्ला होतो. बुरुजावर तोफा आणि दाराशी भालाईत मावळे उभे राहतात, पायथ्याशी शत्रूचे सैनिक आडवे पडलेले असतात. सुतळी बॉम्ब लावून मुलगा कानात बोटे घालतो तेव्हा बाप कौतुकाने हसतो. यात कोणाला निमलष्करी शिक्षण दिसत नाही, आणि दिसू नये हेच योग्य. कारण तो खेळ आहे हे मुलालाही कळते आणि आपल्यालाही. किल्ला मोडताना त्याच मुलाच्या डोळ्यांत पाणी येते. मग ज्या खेळात माणसाची म्हणून एकही आकृती नाही, तेवढ्यानेच मूल क्रूर कसे होते? मातीचा मावळा संस्कार करतो आणि प्रकाशाचे विमान संस्कार बिघडवते, हे कोणत्या न्यायाने?

उलट या खेळात एक धडा आहे. विमानाचे इंधन सारखे संपत असते. नदीत ठिकठिकाणी इंधनाचे साठे असतात; त्यांवरून विमान संथपणे नेले की टाकी भरते. पण त्याच साठ्यावर गोळी झाडली तर ८० गुण मिळतात. म्हणजे जे आपल्याला तारणार, तेच फोडून गुण मिळवण्याचा मोह वाटेत मांडून ठेवला आहे. ८० गुणांच्या लोभाने साठा फोडणारा पुढच्या वळणावर रिकाम्या टाकीने कोसळतो. हे मी ऐकीव सांगत नाही. मी तशी सात वेळा कोसळले आहे.

होय, मी खेळले. ठरावानंतर महिनाभराने, शाळा सुटल्यावर, मी त्या मुलाला गाठले आणि म्हटले, “मला दाखव तू काय करीत होतास.” तो आधी घाबरला. मग त्याने दप्तरातून एक वही काढली. त्या वहीत शून्य आणि एक यांच्या ओळीच्या ओळी लिहिल्या होत्या, पानेच्या पाने.

“बाई,” तो म्हणाला, “मी विमान बघत नव्हतो. मी नदी बघत होतो. ती नदी त्यात ठेवलेलीच नाही.”

मला काही कळेना. मी मॅट्रिकच्या पुढे शिकले नाही. खालच्या वर्गांना मराठी शिकवते, कादंबऱ्या लिहिते. गणिताशी माझे कधी जमले नाही. त्या चौदा वर्षांच्या पोराने शाळेच्या पायरीवर बसून मला जे समजावले ते मी माझ्या शब्दांत सांगते.

हा सारा खेळ चार किलोबाइटांत बसवलेला आहे, म्हणजे ४,०९६ बाइट. तितकी इंग्रजी अक्षरे छापली तर या अंकाची दोन-एक पाने भरतील. शिवाय खेळ चालू असताना विमान कुठे, इंधन किती, गुण किती हे ध्यानात ठेवायला यंत्रापाशी अवघे १२८ बाइट. पडद्यावरचे एक संपूर्ण चित्र साठवण्याइतकीही जागा त्यात नाही. टेलिव्हिजनचा किरण एकेक ओळ आखीत वरून खाली येई, आणि त्या ओळीत काय दिसावे हे प्रोग्रॅम त्याच क्षणी सांगे. असे सेकंदाला साठ वेळा. मग मैलोगणती वळणे घेणारी नदी, तिची बेटे, तिचे पूल ठेवायचे कुठे?

कॅरोल शॉने ती ठेवलीच नाही. तिने नदी होण्याचा नियम तेवढा ठेवला.

तो नियम दिवाळीच्या दिवसांत समजायला सोपा आहे. सोळा पणत्यांची एक ओळ मांडा. काही पेटवा, काही विझलेल्या ठेवा. आता प्रत्येक पणती एकेक घर पुढे सरकवा. शेवटची ओळीबाहेर पडली. पहिले घर रिकामे झाले. तिथे नवी पणती पेटवायची की नाही, हे मनाने ठरवायचे नाही. आधीच नेमून दिलेल्या दोन-चार घरांत सरकवण्यापूर्वी काय होते ते पाहायचे. त्यांतल्या पेटलेल्या पणत्या विषम असल्या तर नवी पेटवायची, सम असल्या तर विझलेली ठेवायची. पुन्हा सरकवा, पुन्हा पाहा. नेमलेली घरे नीट निवडली तर या सोळा पणत्यांच्या ६५,५३५ वेगवेगळ्या मांडण्या होतात आणि मगच पहिली मांडणी परत येते. एकच मांडणी वर्ज्य : सगळ्या विझलेल्या. कारण त्यातून पुढे काही उजळतच नाही.

नदीचा काठ कुठे आत यावा, कुठे बाहेर जावा, बेट कुठे असावे, जहाज कुठे यावे, हे त्या त्या वेळच्या मांडणीवरून ठरते. पाहणाऱ्याला वाटते की नदी मनस्वी आहे. पण सुरुवातीची मांडणी ठरलेली असल्यामुळे ती दर वेळी तीच नदी असते. १९८२ साली अमेरिकेतल्या मुलाला पहिल्या पुलापर्यंत जी वळणे लागली, तीच परवा आमच्या गावातल्या मुलाला लागली. आणि दोन्ही काठ एकमेकांचे आरसे आहेत. यंत्र पडद्याच्या अर्ध्या भागाचीच आकृती घेई आणि दुसरा अर्धा भाग तिची उलटी नक्कल म्हणून काढू शके. तिने या उणिवेचे काठ केले. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बायकांना हे निराळे सांगायला नको. माझी आई रांगोळीचे चित्र जपून ठेवीत नसे. “अकरा ठिपके, अकरा ओळी, मधून कमळ” एवढे तोंडाने सांगे आणि शेजारणीच्या अंगणात तीच रांगोळी उमटे.

आमचा मुलगा वहीत ही सोळा घरांची ओळ हाताने पुढे पुढे चालवीत होता आणि पडद्यावरच्या वळणांशी ताडून पाहत होता. त्याचे पहिल्या पानावरच कुठेतरी चुकले होते, म्हणून तो पुन्हा पुन्हा खेळ लावी. आम्ही चौदा शिक्षकांनी त्याला ‘विचारांचा गोंधळ’ आणि ‘चित्त एकाग्र न होणे’ या कारणांसाठी शिक्षा दिली. तिसऱ्या पानावर त्याची ओळ संपते, कारण त्यानंतर संगणकाची खोली त्याला बंद झाली.

आता दुसऱ्या एका पक्षाकडे वळते. हे माझे लेखनक्षेत्रातले मित्र. ते हिंसेची ओरड करीत नाहीत. ते नुसते हसतात. म्हणतात, “अहो, पोरांच्या खेळात कसली आली आहे रचना? कला ती कला.” या मित्रांना मला एक विचारावयाचे आहे. चार चरणांत जग बसवणाऱ्या अभंगाचे आपण कौतुक करतो ते कशासाठी? जागा थोडी आणि आशय मोठा, यासाठीच ना? मी कादंबरी लिहिते. मला पाने हवी तितकी मिळतात आणि मी ती खुशाल वाया घालवते. दोन पानांत एक न संपणारी नदी लिहून दाखवा म्हटले तर माझ्याने व्हायचे नाही. ज्याला कारागिरी कळते त्याने ती मातीत, सुतात, स्वरात आणि यंत्रातही ओळखावी. मला ती ओळखता आली नाही, म्हणून मी सही केली.

आणि त्या कारागिरीमागच्या बाईची कथा ऐका. कॅरोल शॉ कॅलिफोर्नियात शिकली. बर्कलीच्या विद्यापीठातून तिने संगणकशास्त्राची उच्च पदवी घेतली. १९७८ साली ती अटारीत लागली. तिथे एकदा कंपनीचे अध्यक्ष पाहणीला आले आणि म्हणाले, वा, आता बाई आली, आता सौंदर्यप्रसाधनांची रंगसंगती आणि घरसजावट यांचे खेळ होतील! ही हकीकत तिनेच पुढे सांगितली आहे. तिने रंगसंगती जुळवली नाही. तिने नदी लिहिली. त्या काळी अटारीत खेळ करणाऱ्यांची नावे खेळावर छापीत नसत. त्या अन्यायाला कंटाळून काही कारागीर बाहेर पडले आणि १९७९ साली त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन काढली; तिथे कर्त्याचे नाव छापण्याची रीत पाडली. म्हणून रिव्हर रेडवर कॅरोल शॉचे नाव आहे. त्या खेळाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. २०१७ साली, म्हणजे पस्तीस वर्षांनी, खेळांच्या एका मोठ्या समारंभात तिचा गौरव झाला. सभेत फोन बाहेर निघाला होता तेव्हा ही ओळही तिथेच कुठेतरी असणार. ती कोणी वाचली नाही. आमच्या चौदा सह्यांत नऊ बायकांच्या आहेत, हेही नमूद करते.

कोणी म्हणेल, बाईंनी सगळ्याच खेळांची वकिली चालवली आहे. नाही. आज फोनवर असे पुष्कळ खेळ आहेत की ते संपू नयेत, मूल उठू नये आणि आईबापांच्या खात्यातून पैसे जात राहावेत, अशाच हिशेबाने ते बेतलेले असतात. त्यांच्याविरुद्ध पत्रक काढा, पहिली सही माझी. पण त्यासाठी एक खेळ दुसऱ्यापासून ओळखता आला पाहिजे. रिव्हर रेडमध्ये विमाने मोजकी मिळतात; ती गेली की खेळ आपल्या तोंडाने संपला म्हणतो आणि मुलाला सोडून देतो. तो एकदा विकत घेतला की पुन्हा पैसा मागत नाही. दोन्ही पडद्यावर दिसतात म्हणून दोन्ही सारखेच, असे म्हणणारा माणूस उद्या पोथी आणि पिवळे पुस्तक दोन्ही कागदाचीच म्हणून एकाच रद्दीत घालील. वेळेची शिस्तही हवी, हे मला मान्य आहे. संगणकाच्या तासाला नेमून दिलेले काम सोडून त्याने दुसरे केले, त्याबद्दल त्याला दोन शब्द बोलावे. वर्षभर दार बंद करू नये.

एक जुनी गोष्ट सांगून आवरते. १९८४ साली, म्हणजे जर्मनीने ही यादी केली त्याच साली, आपल्या देशात सरकारने शाळांतून संगणक शिकवण्याची ‘क्लास’ नावाची योजना सुरू केली आणि त्यासाठी बीबीसी मायक्रो नावाचे इंग्लंडातले घरगुती संगणक आणले. ही यंत्रे त्याच पिढीतली, तशीच तुटपुंज्या स्मृतीची. मुलांनी ती उघडावी, चाचपावी, त्यांत स्वतः काही लिहावे, हा त्यामागचा हेतू. त्यानंतर चाळीस वर्षे गेली. एका मुलाने कोणी न सांगता नेमके तेच केले, आणि आम्ही त्याला खोलीबाहेर काढले.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की शिक्षकसभा भरेल. हा ठराव रद्द करावा, मुलाला संगणकाची खोली मोकळी करावी आणि पालकांना धाडलेल्या पत्रकाची दुरुस्ती धाडावी, अशी सूचना मी मांडणार आहे. अनुमोदक मिळाला नाही तरी मांडणार आहे. हा लेख हेडमास्तरांनी आणि सहकाऱ्यांनी वाचावा, म्हणून तो मी आधीच छापायला दिला आहे. पाठीमागून बोलले, असा ठपका मला नको.

आणि वाचकहो, तुम्हांलाही एक विनंती. सुट्टीत मूल पडद्यापुढे बसलेले दिसले तर ते काढून घेण्यापूर्वी पंधरा मिनिटे त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, “हे कसे चालते?” त्याला सांगता आले नाही आणि तो चिडला, तर काढून घ्या, मी तुमच्या बाजूने आहे. पण त्याने दप्तरातून वही काढली, तर पाटावर बसा आणि ऐका.

मी ऐकले. पहिल्या पानावरची त्याची चूक आम्हां दोघांना मिळून सापडली. बाराव्या ओळीत त्याने एक पणती सरकवायची विसरली होती.